पांढरे एकोणीस

अप्पांना जाऊन बावीस दिवस झाले होते, आणि ज्यांची वाट पाहत त्यांनी अखेरपर्यंत दिवस मोजले ते मद्रासचे इन्स्पेक्टर आज येणार होते.

सकाळची कॉफी झाल्यावर कामाक्षी मागच्या दारी तांब्याचा चंबू घेऊन बसली. चिंच लावून तिने तो एकदा घासला, धुतला, उन्हात धरून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला.

"आणखी किती घासशील गे त्यास? तळ जाईल त्याचा," गंगाबाई म्हणाल्या. त्या अप्पांच्या थोरल्या बहीण, आणि आता या घरात उरलेल्या एकट्याच. "पूजेचा असता तर गोष्ट वेगळी. चिंचोके टाकण्याचा चंबू तो."

"तोच त्यांना दाखवायचा आहे, आत्या."

"दाखव. तो म्हणेल, मद्रासेहून कुंभकोणास आलो तो भांडं पाहावयास. इथं भांड्यांस काय तोटा?"

कामाक्षीला हसू आले आणि लगेच आपण हसलो याचे तिला नवल वाटले. पापनाशमहून नवऱ्याचे पत्र कालच आले होते. दिवसवार झाले, मुले विचारतात, कधी येतेस, एवढेच त्याने लिहिले होते. त्यात रागाचा शब्द नव्हता. इन्स्पेक्टर येऊन गेले की येते, असे तिने उलट टपालाने कळवले होते. तिला इथे थांबवणारे तेवढे एकच काम उरले होते.

तिचे वडील चंद्रमौलीराव तीस वर्षे हायस्कुलात सायन्स शिकवून निवृत्त झाले. लढाईच्या दुसऱ्या वर्षी सरकारने स्टेशनाजवळच्या जुन्या भाताच्या वखारीत विमानाचे मेकॅनिक तयार करण्याचा वर्ग उघडला, आणि शिकवायला माणूस मिळेना म्हणून अप्पांना बोलावले. सोळा आठवड्यांचा तो वर्ग. मग परीक्षा, आणि मग कुणी बंगळूरच्या कारखान्यात, कुणी लांबच्या एरोड्रोमवर. वखारीत एक जुने इंजिन होते, एक अर्धा पंख होता आणि शेपटीचा सांगाडा होता. पापनाशम, तिरुक्करुगावूर, सुंदरपेरुमाळ कोयिल अशा गावांतून आलेल्या या तरुणांनी विमान पाहिले होते ते डोक्यावरून जाताना, हात कपाळाला लावून.

पहिल्या तुकडीला अप्पा प्रत्येक धड्यानंतर विचारत, "समजलं?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "समजलं, सार." परीक्षेत पुस्तकाची पाने पोरांनी श्वास न घेता म्हणून दाखवली. सगळे पास. ते कामावर निघण्याआधी एके दिवशी त्यांतल्याच एकाच्या हाती अप्पांनी लोखंडी तारेचा तुकडा दिला आणि म्हटले, हा बोल्ट सैल होऊ नये असा बांधून दाखव. तो तार धरून उभाच राहिला.

"अरे, समजलं म्हणालास ना त्या दिवशी?"

"सार, तुम्ही इतक्या मायेनं विचारलंत. तोंडावर नाही कसं म्हणू?"

अप्पांनी हे घरी आल्यावर कामाक्षीला सांगितले होते. ती तेव्हा सणाला माहेरी आली होती. "तो खोटं बोलला नाही गे," ते म्हणाले. "गुरूस समजलं नाही म्हणणं म्हणजे तुम्हांस शिकवता येत नाही म्हणणं. मी तरी माझ्या गुरुजींस कधी म्हणालो? आमच्या सात पिढ्यांत कुणी म्हणालं नसेल." थोडा वेळ ते पान लावत बसले. "पण विमान काय कुणाची भीड धरतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा हा चंबू काढला. हात आत जाईल पण आतले दिसणार नाही असे त्याचे तोंड. या गावात घरोघरी फाशांच्या जागी चिंचोके वापरतात. एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेले. अप्पांनी दोन टोपल्या चिंचोके गोळा केले, निम्मे दोन्ही बाजूंनी घासले, निम्मे काळेच ठेवले. प्रत्येकाला एक काळा, एक पांढरा. धडा संपला की चंबू फिरायचा. समजले असेल त्याने काळा टाकायचा, नसेल त्याने पांढरा. कुणी कुणाची मूठ पाहायची नाही, मास्तरांनी खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी तोंडाने समजलं म्हटले, आणि चंबूत अकरा पांढरे निघाले. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत, असे गंगाबाई अजून सांगत.

तिथून वह्या सुरू झाल्या. कोणता धडा, कोणत्या दिवशी, काळे किती, पांढरे किती, पुन्हा शिकवल्यावर किती. मोडीत लिहिलेल्या तीन वह्या. आणि जे विद्यार्थी कामावर गेले त्यांना अप्पा पत्रे घालत: तिथे हात कशाला अडतो, फोरमन कशावरून बोलतो, कोणते काम सोडवून पुन्हा करावे लागते. चौऱ्याण्णव पत्रे गेली, एकसष्ट उत्तरे आली. ती उत्तरे वह्यांशेजारी मांडून पाहिल्यावर अप्पांना जे दिसले ते त्यांनी एका ओळीत लिहून खाली रेघ मारली होती: ज्या धड्यास पांढरे दहांवर गेले आणि तो पुन्हा शिकविला नाही, त्या धड्यातील चूक सहा महिन्यांच्या आत कारखान्यात दिसते.

सरकारला त्यांना एवढेच म्हणायचे होते: वर्ग सोळाचा वीस आठवड्यांचा करा, पांढरे धडे पुन्हा घ्या, आणि प्रत्येक वर्गात एक चंबू ठेवा. पण दसऱ्याच्या आधी वरून कागद आला की लढाईची निकड पाहता सोळाचे दहा आठवडे करण्याचा विचार आहे. अप्पांनी लांब पत्र लिहिले. उत्तर आले की इन्स्पेक्टर समक्ष येतील, तुमची माहिती त्यांच्यापुढे ठेवा.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी अप्पांनी शेवटचा धडा शिकवला, आणि गुरुवारी त्यांना ताप भरला. छाती धरली. राजगोपाल डॉक्टर आले, त्यांनी नव्या गोळ्या दिल्या आणि कशा द्यायच्या ते, तापाचे कळताच पापनाशमहून आलेल्या कामाक्षीला दारात उभे राहून सांगितले. भराभर सांगितले, त्यांना दुसरीकडे जायचे होते. तीन दिवस दर चार तासांनी, मग ताप उतरला तरी, आणि इथे त्यांनी काही अर्ध्याचे सांगितले, ते अर्धी गोळी की अर्धे दिवस, ते तिला धरता आले नाही. "समजलं ना अम्मा?" डॉक्टरांनी विचारले. वयाने वडिलांसारखे, भला माणूस, रात्रंदिवस फिरणारा.

"समजलं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तिने गोळ्या थांबवल्या. पाचव्या दिवशी ताप परत चढला आणि सातव्या दिवशी अप्पा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकले होते. त्यांनी गोळ्यांचे काही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. पुढे वह्यांवरून इंग्रजीत स्वच्छ प्रत काढताना, पहिल्या पानावरचा तो 'तोंडावर नाही कसं म्हणू'चा प्रसंग उतरवताना, तिची लेखणी थांबली. तिने शाई वाळू दिली. मग पुढची ओळ लिहिली.

इन्स्पेक्टर वैद्यनाथ अय्यर अकरा वाजता वखारीत आले. बारीक, पिकल्या मिशांचे, बोलायला मऊ. बाई माणूस वर्गात उभी पाहून ते दचकले नाहीत; तुमच्या वडिलांचे पत्र मी तीनदा वाचले, म्हणाले. इंजिनावर उघडी करून ठेवलेली प्रत त्यांनी तासभर वाचली. सत्तावीस विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. समोरच्या भिंतीवर अप्पांचा फोटो लावला होता, त्याला कण्हेरीचा हार होता. फोटो विद्यार्थ्यांनीच मोठा करून आणला होता.

"हे जर खरं असेल," इन्स्पेक्टर चष्मा पुसत म्हणाले, "तर दहा आठवडे करणं शहाणपणाचं नाही. पण एका निवृत्त मास्तरांच्या वहीवरून मद्रासेत कुणी निर्णय फिरवणार नाही. मला विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकायला हवं." ते मुलांकडे वळले. "या शेवटच्या धड्यापुढे लिहिलंय, उलट्या बोल्टाला तार. विचारल्यावर सगळे समजलं म्हणाले, आणि चंबूत पांढरे एकोणीस. बरोबर?"

सेतू पुढे आला. सुंदरपेरुमाळ कोयिलचा, वर्गात सगळ्यांत हुशार, अप्पांना अखेरच्या दिवसांत रोज येऊन पाहून जाणारा. तिरडीला खांदा देणाऱ्यांत तोही होता.

"नाही सार," सेतू म्हणाला.

कामाक्षीने मान वर केली.

"नाही म्हणजे? एकोणीस नव्हते?"

"होते सार. पण ते आम्ही असेच टाकले. गंमत म्हणून. मास्तरांनी शिकवलेलं समजलं नाही असं आमच्या बाबतीत कधी झालंच नाही."

"तीन वर्षं गंमत?"

"आधीच्यांचं ठाऊक नाही सार. आम्हाला सगळं समजत होतं. त्यांच्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी नाही." मागे दोघातिघांनी माना हलवल्या, आणि एकजण उपरण्याने डोळे पुसू लागला.

कामाक्षीला वाटले, हेच तर अप्पा सांगत होते. तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, म्हणूनच चंबू. ती इन्स्पेक्टरांना म्हणाली, "यांना तोंडानं विचारू नका. चंबू फिरवा. माझे वडील तेच करत."

"अवश्य," ते म्हणाले. त्यांनाही उत्सुकता होती.

तिने चिंचोके वाटले, प्रत्येकाला एक काळा, एक पांढरा. इन्स्पेक्टरांनी प्रश्न विचारला, "मास्तरांचा प्रत्येक धडा तुम्हाला पहिल्याच वेळी समजला का?" आणि अप्पांसारखे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. कामाक्षीही वळली. खिडकीतून स्टेशनाचा फलाट दिसत होता, पानांच्या टोपल्या घेऊन माणसे बसली होती. मागे चंबूत एकेक चिंचोका पडल्याचा आवाज येत होता. तिने ते आवाज मोजले.

चंबू इंजिनाच्या पत्र्यावर उपडा केला. सत्तावीस चिंचोके. सगळे काळे.

इन्स्पेक्टरांनी बोटाने ते पसरले, एखादा खाली दडला आहे का पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी आता काय लिहू?"

"हे खरं नाही," कामाक्षी म्हणाली.

"असेल. मलाही तसं वाटतं. पण चंबू खरं सांगतो म्हणून हे सगळं तुमच्या वडिलांनी उभारलं. मग हा चंबू खोटा म्हणायचा तर वहीतल्या मागच्या दोनशे नोंदी कशावरून खऱ्या? मद्रासेत मला हाच प्रश्न पहिला विचारतील."

"ते गेलेत म्हणून मुलांनी हे केलं. ते असते तर—"

"ते असते तर," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि त्यांनी फोटोकडे पाहून नमस्कार केला. "मी लिहीन की इथले शिक्षण उत्तम होते. त्यांच्या नावाची शिफारस करीन. एवढं माझ्या हातात आहे."

तो शब्द त्यांनी पाळला. आठ दिवसांनी आलेल्या कागदात चंद्रमौलीरावांची तोंडभरून स्तुती होती. विद्यार्थ्यांना शिकवलेले सर्व पहिल्याच वेळी समजत असल्याचे आढळले, सबब दहा आठवडे पुरेसे आहेत, असे पुढच्याच वाक्यात होते. या तुकडीचे तर चौदा आठवडे झालेच होते. त्यांना त्याच आठवड्यात रवाना व्हायचे होते. अप्पांच्या जागी कुणाला नेमले नव्हते; म्हणजे इथला वर्ग बंदच.

निघण्याच्या आदल्या दिवशी सेतू घरी आला. ओसरीवर त्याने अप्पांच्या आरामखुर्चीला वाकून नमस्कार केला, मग गंगाबाईंना, मग कामाक्षीला.

"अक्का, रागावलात?"

"नाही."

"तुम्ही त्या दिवसापासून वखारीत आला नाहीत."

कामाक्षीने त्याला बसायला सांगितले. गंगाबाई कॉफी आणायला आत गेल्या.

"सेतू, त्या मंगळवारी तू पांढरा टाकला होतास का?"

"टाकला होता."

"आणि इन्स्पेक्टरांसमोर?"

"अक्का, मास्तर असताना पांढरा टाकणं वेगळं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायचे. हसून शिकवायचे, काल कुणाकुणाची झोप झाली नव्हती म्हणायचे. आता फोटोसमोर पांढरा टाकायचा म्हणजे... मद्रासचा माणूस कागदावर लिहिणार, चंद्रमौली मास्तरांनी शिकवलेलं एकोणीस जणांना कळलं नाही. ते आता उठून पुन्हा शिकवू शकतात का? त्यांच्या नावाला तो डाग कायमचा. आम्ही काही ठरवलं नव्हतं, अक्का. देवाशपथ. मला वाटलं मी एकटाच काळा टाकतोय."

तिला त्याला सांगता आले असते. त्या डागासाठीच त्यांनी तीन वर्षे खर्च केली, तो डाग म्हणजेच त्यांचे काम होते. पण तो वीस वर्षांचा होता, उद्या घर सोडून जाणार होता, आणि त्याने जे केले ते प्रेमाने केले होते. आणि सांगून आता काय व्हायचे होते?

"समजलं ना अक्का?" सेतूने विचारले.

"समजलं," कामाक्षी म्हणाली.

गंगाबाईंनी कॉफी आणली. "पी रे. तिकडं तुला चहाच पाजतील, शिळ्या पाण्याचा," त्या म्हणाल्या, आणि तो हसला.

दुसऱ्या दिवशी ती तुकडी गेली आणि त्याच्या पुढच्या दिवशी कामाक्षी पापनाशमला आली. वह्या तिने बरोबर आणल्या. चंबू गंगाबाईंनी ठेवून घेतला. त्यात आता त्या एरंडेल ठेवतात, असे त्यांनी कळवले. वह्यांची स्वच्छ प्रत तिने आणखी दोन सरकारी कचेऱ्यांत पाठवली. एका ठिकाणाहून पोच आली. दुसरीकडून पोचही आली नाही.

फाल्गुनात सेतूचे कार्ड आले. पंधरा दिवसांपूर्वीचे, तमिळमध्ये, बारीक अक्षरात. कुठून लिहिले ती ओळ सेन्सॉरने काळ्या शाईने पुसली होती. तब्येत ठीक आहे, थंडी फार आहे, आमच्या वर्गातला मणी आणि मी एकाच तंबूत आहोत. खाली लिहिले होते:

"अक्का, एक काम होते. पंखाखाली जे बोल्ट उलटे बसतात त्यांना तार कोणत्या बाजूने ओवायची, म्हणजे बोल्ट सैल होऊ लागला तर तार त्याला आवळील, हे मास्तरांच्या वहीत असेल. मला उजवी की डावी याचा घोटाळा होतो. इथे आमचा सार्जंट भला माणूस आहे, रोज विचारतो, समजलं का. त्याला कसे विचारू? दोन विमानांना मी मणीचे पाहून बांधले, आणि मणी म्हणतो त्याने माझे पाहून बांधले. लवकर कळवा."

मुले शाळेत गेली होती. कामाक्षीने पेटीतून तिसरी वही काढली आणि शेवटचे लिहिलेले पान उघडले. तिला ते पान पाठ होते, तरी तिने ओळीवर बोट ठेवून वाचले. उलट्या बोल्टास तार. काळे आठ, पांढरे एकोणीस. खाली अप्पांच्या हातचे, घाईने लिहिलेले: पुन्हा गुरुवारी, बोल्ट हातात देऊन.

त्यापुढे वही कोरी होती. गुरुवारी ते शिकवायला गेलेच नव्हते. बाजूची गोष्ट त्यांनी कुठे लिहिलीच नव्हती. त्यांना ती ठाऊक होती, लिहायची गरज नव्हती. तिने मागची पाने चाळली, दुसरी वही चाळली, पहिली चाळली. तिने पुष्कळ पुस्तके वाचली होती, पण तिला बोल्ट कसा बांधतात ते येत नव्हते. पापनाशमात ते येणारे कुणी नव्हते. कुंभकोणातही आता नव्हते. वखारीत पुन्हा भात भरला होता.

तिने कोरे कार्ड घेतले. वर तारीख घातली, चिरंजीव सेतूस आशीर्वाद लिहिले. मग लिहिले: "वहीत नाही. मला ठाऊक नाही. सार्जंटला विचार. समजले नाही असे तोंडाने म्हण. त्याने मास्तरांच्या नावाला डाग लागत नाही."

तिने ते वाचले. सेतू तंबूत बसून हे वाचील, दोनदा वाचील, कार्ड जपून पेटीत ठेवील, हे तिला दिसत होते. आणि मग सार्जंटसमोर जाऊन उभा राहील, सार्जंट आपुलकीने विचारील, आणि तो काय म्हणेल हेही तिला ऐकू येत होते.

टपाल निघायला अर्धा तास होता. तिने कार्डावर पत्ता घातला, पायांत चपला सरकवल्या आणि ते टाकायला निघाली.